सकाळची दुसरी गोळी

हॅमिल्टन, १८ नोव्हेंबर

प्रिय गौरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडशील की नाही, कोण जाणे. उघडलंस तर आधी एवढं सांगते, की बाबांना या पत्राचं काही माहीत नाही. फोन करायचा तर ते शेजारी येऊन बसतात. मेसेज केला तर तो त्यांच्या फोनवरही वाजतो, कारण अकाउंट एकच. म्हणून कागद. पोस्टात पॉलिन टाकेल, तिचा नंबर मागे लिहिला आहे. पॉलिन डाबरे, समोरच्या घरात मागच्या समरमध्ये राहायला आली, मूळची वसईची. ग्रोसरीला जाताना विचारून जाते, "ताई, काय आणू?" मी बाहेर फारशी पडत नाही हल्ली.

दोन वर्षं होतील आता. ख्रिसमसला तू आणि छोटा अथर्व आला होतात, जेवताना बाबांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली आणि तू म्हणालीस, "बाबा, प्लीज गेट टेस्टेड." त्यांनी उठून तुझा कोट आणला आणि तुझ्या हातात दिला. "माझ्या घरात मला पेशंट करायचं नाही," म्हणाले. तुम्ही गेलात आणि मी टेबल आवरलं.

ते बरे आहेत. तब्येतीने ठणठणीत. युनिव्हर्सिटीतली जुनी मंडळी अजून त्यांना "सर" म्हणतात. तीस वर्षं हृदयाच्या औषधांवर शिकवलं ना त्यांनी. आता एकच विद्यार्थिनी उरली आहे, ती मी. माझ्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून चार गोळ्या चालू आहेत, तुला माहीतच आहे. बाबा दर रविवारी आठवड्याच्या डबीत त्या भरतात आणि भरताना मला समजावतात. ही बिसोप्रोलोल, ॲड्रेनॅलिनचा निरोप हृदयापर्यंत पोचू देत नाही, म्हणून ठोके आवरतात, पण म्हणूनच तुझे हात गार पडतात. ही रॅमिप्रिल, रक्तवाहिन्या आवळणारं रसायन बनूच देत नाही, म्हणून प्रेशर उतरतं, पण कोरडा खोकला येतो. ही एपिक्झाबॅन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, तेव्हा जरा कुठे आपटलीस की काळंनिळं होणार. आणि ही सगळ्यात लहान, डिजॉक्सिन. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून वर्गातला होतो.

मला जेवण जात नाही हल्ली. वय झालं. तुझी नोकरी कशी आहे? तुमच्या ऑफिसात माणसं कमी केली असं बातम्यांत ऐकलं.

आई


हॅमिल्टन, ९ डिसेंबर

प्रिय गौरा,

तुझं उत्तर पॉलिनच्या फोनवर आलं. तिने स्वयंपाकघरात उभं राहून मला वाचून दाखवलं. "मॉम, आर यू ओके? व्हॉट आर यू नॉट टेलिंग मी?" दोन वाक्यांत पकडतेस तू, लहानपणापासून.

सांगते. पण हे वाचून लगेच काही करू नकोस.

मला वाटतं मी विसरायला लागले आहे. सकाळी चहाच्या आधी बाबा डबीतल्या गोळ्या देतात, मी घेते. चहा झाला की ते उठतात, कपाटातली बाटली काढतात आणि एक गोळी हातावर ठेवतात. मी म्हणते, "अहो, झाल्या ना सकाळच्या." ते म्हणतात, "नाही गं, तू विसरतेस." पहिल्यांदा मी हसले. मग रोज होऊ लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर जराही शंका नसते, गौरा. पाण्याचा पेला धरून उभे राहतात आणि मी गिळेपर्यंत हलत नाहीत. रागाने नाही, अगदी मायेने. एवढी खात्री असलेल्या माणसासमोर रोज उभं राहिलं, की आपलीच खात्री सुटत जाते. मी पेला घेते. वाटतं, खरंच घेतली नसेन.

काल ती बाटली नीट पाहिली. डिजॉक्सिनचीच आहे, पण जुनी. सप्टेंबरात डॉक्टरांनी माझ्या किडनीचे रिपोर्ट बघून डोस बराच उतरवला होता. ते औषध किडनीतून बाहेर पडतं, किडनी मंदावली की अंगात साठत जातं. नव्या, कमी ताकदीच्या गोळ्या डबीत आहेत. जुन्या, जास्त ताकदीच्या, कपाटात राहून गेल्या. वर्षानुवर्षं त्यांनी मला चहानंतर तीच बाटली काढून दिली आहे. त्यांच्या हाताला ती सवय आहे.

म्हणजे बहुतेक मी विसरत नाही.

हे लिहिलं आणि थांबून पुन्हा वाचलं. ते मागच्या महिन्यात दूध आणायला गेले आणि पार शेजारच्या बर्लिंग्टन गावातून फोन केला, की लिंक हायवेवर कुठला एक्झिट घ्यायचा. लिंकवरून ते पंचवीस वर्षं गाडी चालवताहेत. पार्टीत कुणाचं नाव अडलं की माझ्याकडे बघतात आणि मी नाव पुरवते. कुणाला कळतही नाही. आम्हा दोघांचं ते असं छान जमलं आहे.

मळमळ खूप आहे. आणि एक विचित्र गोष्ट. ड्राइव्हवेवरचा बर्फ पिवळट दिसतो. मला वाटलं ऊन असेल, पण ढग होते. पॉलिनला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, पांढराशुभ्र आहे की."

त्यांना सांगू कसं? सांगायचं म्हणजे दुसरंही सगळं सांगायचं. त्यांनी मला एकदा, दोघं बरे असताना, शपथेवर सांगितलं होतं, डोकं गेलं तर मला लाँग टर्म केअरच्या होममध्ये टाकू नकोस. मी हो म्हटलं होतं.

आई


हॅमिल्टन, २८ डिसेंबर

प्रिय गौरा,

मी घरी आले आहे. पॉलिनने तुला कळवलं असेल. वॉशरूममध्ये पडले. बाबांनीच ९११ला फोन केला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. माझी नाडी धरून त्यांनी फोनवर सांगितलं, "पल्स थर्टी-सिक्स, इरेग्युलर," तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. जमिनीवर पडल्या पडल्या वाटला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. डिजॉक्सिन हवं त्याच्या कितीतरी पट. छातीला तारा लावून मॉनिटरखाली ठेवलं, पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघितलं, आणि शिरेतून उतारा दिला. तो रक्तातलं डिजॉक्सिन धरून ठेवतो आणि बाहेर काढतो. माझ्या डोळ्यांसमोरची भिंत दुसऱ्या दिवशी पांढरी झाली. ते औषध आता पूर्ण बंद.

यापुढचं लिहायला जड जातं आहे.

तिथले मोठे डॉक्टर बाबांचे जुने विद्यार्थी निघाले. आत आले आणि बाबांना बघून उभेच राहिले. "सर," म्हणाले. बाबा ताठ झाले. कोटाची बटणं चुकीची लावली होती, एक बाजू वर, एक खाली. त्यांनी डॉक्टरांना डिजॉक्सिन समजावलं. हृदयाच्या पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो आत आलेलं सोडियम बाहेर फेकत असतो. डिजॉक्सिन तो पंप अडवतं. मग आत सोडियम साचतं, त्याच्यापायी कॅल्शियमही आत अडकतं, आणि ठोका जोरकस पडतो. शिवाय वरून येणारे ठोक्याचे संदेश मधल्या नाक्यावर सावकाश सोडतं, म्हणून भरधाव हृदय ताळ्यावर येतं. आणि जास्त झालं तर तोच नाका बंद पडतो. डॉक्टर मान हलवत ऐकत होते, पुन्हा वर्गात बसल्यासारखे. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "घरी गोळ्या कोण देतं?"

बाबांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला दिसत होतं, आणि ते किती अभिमानाने म्हणणार हेही.

मी म्हटलं, "मीच घेते. माझाच घोळ झाला. जुनी बाटली टाकायची राहिली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात थोपटला. त्यांना ते खरंच वाटलं, गौरा.

त्यानंतर एक मुलगी फाइल घेऊन आली आणि माझ्याशी हळूहळू, मोठ्याने बोलू लागली. तारीख कोणती, कुठल्या शहरात आहोत. मी पडले होते, तीन रात्री झोप नव्हती, मी तारीख चुकले. आता फाइलमध्ये लिहिलंय की पेशंटच्या स्मरणशक्तीबद्दल शंका आहे, मेमरी क्लिनिकला पाठवावं, आणि तोवर सगळी औषधं पतीने आपल्या देखरेखीखाली द्यावीत.

सही बाबांनी केली.

आई


हॅमिल्टन, १९ जानेवारी

प्रिय गौरा,

"जस्ट टेल देम द ट्रूथ, मॉम." तुझा मेसेज पॉलिनने दोनदा वाचला.

तुला वाटतं तितकं ते सोपं राहिलेलं नाही. मी फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन केला होता, बाबा शॉवरमध्ये असताना. म्हटलं, माझ्या औषधांबद्दल बोलायचं आहे. रिसेप्शनवरची मुलगी फार गोड बोलली. कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं असेल तिने. "स्वीटी, तुमचे मिस्टर जवळ आहेत का? त्यांना फोन देता?" मी फोन ठेवला.

मी एक खोटं बोलले आणि त्या खोट्याने माझ्या नावापुढे शिक्का मारला. आता मी खरं बोलले तर ते त्या आजाराचं लक्षण ठरणार.

बाबांनी औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं आहे. होम हार्डवेअरमधून स्वतः आणलं, स्वतः बसवलं. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात असते. जुनी बाटली आतच आहे. मी परत आल्यावर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ती टाकली ना?" "कधीच टाकली," म्हणाले. चहा झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि ती गोळी माझ्या हातावर ठेवली.

मी म्हटलं, "अहो, ही बंद केलीय डॉक्टरांनी."

"प्रमोदिनी," ते म्हणाले, "तुला आता काही आठवत नाही. माझ्यावर विश्वास ठेव."

मी ती गालात धरते. पाणी पिते, मान हलवते, तोंड उघडून दाखवते. ते गेले की रुमालात काढते. पण जीभ लागलेली असते, कडवटपणा दिवसभर जात नाही. आणि कधी ते डबीतल्या गोळ्यांबरोबरच ती देतात, तेव्हा चारांतली नेमकी कोणती गालात ठेवायची, तेवढ्यात कळायला हवं. रक्त पातळ करणारी चुकून थुंकली तर गुठळी होऊन डोक्यात जायची.

बाहेर उणे अठरा आहे. गाडी ते चालवतात. मला लायसन्स होतं, ते मी साठीनंतर रिन्यू केलं नाही, दोघांत एक गाडी पुरे म्हणून. दार उघडून पॉलिनकडे जायचं तर बूट, कोट, आणि "कुठे निघालीस?" रस्त्यापलीकडे तिचा दिवा दिसतो.

ते दुष्ट नाहीत हे तुला कसं सांगू. रात्री माझ्या पायावर ब्लँकेट सरकवतात. बिसोप्रोलोलने पाय गार पडतात ना, ते त्यांना आठवतं.

मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट फेब्रुवारीत आहे. तिथे मला चाचणी देणार आहेत. मी पास झाले तर प्रश्न उरतो की मग घोळ कोणी केला. नापास झाले तर कपाट कायमचं त्यांचं. पॉलिन म्हणते, "ताई, तुम्ही पास व्हा. पुढचं पुढे बघू." ती गाडीतून येते म्हणाली. बाबांनी नको सांगितलं.

तुला यायचं असेल तर आत्ता येऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस तर ते कपाटापुढे उभे राहतील.

आई


हॅमिल्टन, १२ फेब्रुवारी

प्रिय गौरा,

काल क्लिनिकला जाऊन आलो. सगळं सावकाश लिहिते, कारण हे तुला नीट कळायला हवं.

निघताना मी रुमाल पर्समध्ये ठेवला. त्यात सकाळची गोळी होती. तिचं काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. खरंच ठरवलं नव्हतं.

डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, शांत. मला घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. पाच शब्द दिले, नंतर विचारले, पाचही सांगितले. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. मी मराठीत पुटपुटत केलं आणि इंग्रजीत उत्तरं दिली. त्या हसल्या. मग त्यांनी कागदावरून वर बघितलं आणि पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच काहीतरी कळलं.

त्या बाबांकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही औषधं देता. सध्या त्यांना हृदयासाठी काय काय चालू आहे?"

बाबांनी सांगितलं. बिसोप्रोलोल, रॅमिप्रिल, एपिक्झाबॅन. एकही नाव अडलं नाही. मग डिजॉक्सिन. तो पंप, ते सोडियम, तो मधला नाका. फॉक्सग्लव्हच्या झाडापासून कुणी कधी काढलं, तेही. किती सुंदर बोलले. बाईंनी मधे तोडलं नाही. संपल्यावर फक्त म्हणाल्या, "डिजॉक्सिन डिसेंबरमध्ये बंद केलं आहे ना?"



बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पार्टीत नाव अडलं की बघतात तसंच. मी काहीतरी पुरवेन, गोष्ट पुढे सरकेल. वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. "हो हो, बंदच आहे, त्यांना जुन्या डोसबद्दल सांगायचं होतं." तयार होतं.

मी बोलले नाही.

ते बघत राहिले. मी पर्स उघडली, रुमाल काढला आणि गोळी टेबलावर ठेवली. ओली होऊन तिची कड विरघळली होती.

त्यांनी ती उचलली. चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेली. वरचे आकडे अर्धवट होते, पण त्यांना वाचायची गरज नव्हती. मराठीत विचारलं, "ही मी दिली?"

"हो."

"केव्हा?"

"आज सकाळी. रोज देता."

"आणि तू हॉस्पिटलमध्ये म्हणालीस..."

"हो. मी म्हटलं."

गोळी त्यांनी पुन्हा रुमालावर ठेवली, बरोबर मधोमध. मग खुर्ची त्या बाईंकडे वळवली आणि वर्गातल्या इंग्रजीत म्हणाले, "देन, डॉक्टर, यू आर एक्झामिनिंग द राँग पेशंट."

त्यांनी घड्याळ काढलं, गौरा. गोल छान काढला. आकडे सगळे उजव्या बाजूला गर्दी करून बसले. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते आणि मी माझ्या बुटांकडे.

येताना गाडी चालवायला पॉलिनला बोलावलं. बाबा मागच्या सीटवर बसले. घराकडचा माउंटनचा चढ लागला तेव्हा म्हणाले, "गौरा बरोबर म्हणाली होती. मी तिचा कोट आणून दिला." थोड्या वेळाने, "पोरगं जेवत होतं ना तेव्हा?"

मी म्हटलं, "हो."

"तिला सांगायला हवं," ते म्हणाले.

आई


हॅमिल्टन, ३० मार्च

प्रिय गौरा,

तुला वाटलं असेल बाबांचा फोन येईल. मीही वाट पाहिली. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

बाबांचं लायसन्स गेलं. औषधं आता फार्मसीतून दर आठवड्याला पाकिटात सील करून येतात, त्यांची आणि माझी. जुनी बाटली फार्मसीच्या मुलाने नेली. माझी नाडी साठीच्या आसपास असते, जेवण जातं. फाइलमधलं ते वाक्य काढून टाकलं आहे. त्या बाई डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं.

कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

रोज चहा झाला की ते उठतात आणि कपाटाशी जातात. कुलूप ओढून बघतात. "हे कुणी लावलं?" मी पहिल्या आठवड्यात खरं सांगितलं, "तुम्हीच." त्यांना ते इतकं लागलं, की आता म्हणते, मी लावलं. मग ते रागावतात. "पन्नास वर्षं मी हृदयाची औषधं हाताळली आणि तू मला कुलूप लावतेस?" कधी ओरडतात. एकदा पॉलिनकडे जाऊन तक्रार केली, की ही माझ्यावर पाळत ठेवते. ती त्यांना चहा पाजून परत घेऊन आली.

क्लिनिकमधला तो दिवस त्यांना आठवत नाही. एकदा मी सांगून पाहिलं. "तुम्ही स्वतः म्हणालात, मला तपासा." ते म्हणाले, "मी असं का म्हणेन?" त्यांच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांनी त्या खोलीत केलं आणि ते त्यांच्याकडेच राहिलं नाही. गाडीतलं बोलणंही नाही. तुझा विषय निघाला की अजून म्हणतात, "तिला सांग, आधी माफी माग."

म्हणून मी लिहिते आहे. ते बोलले होते. पॉलिनने ऐकलं आहे, तिला विचार. गौरा बरोबर होती, तिला सांगायला हवं, असं तुझे बाबा, विश्वनाथ, माउंटनच्या चढावर, शुद्धीत, आपणहून म्हणाले. ते आता त्यांच्याकडून तुला कधीच मिळणार नाही. माझ्याकडे होतं, ते आज तुझ्याकडे दिलं.

आता माझं एक मागणं. आधी कुलूप त्यांनी लावलं आणि मी आत होते. आता मी लावते, आणि तरी आतच आहे. ते झोपले की दाराशी खुर्ची लावून बसते, कुठे निघून जाऊ नयेत म्हणून. त्यांना मी केअरमध्ये टाकणार नाही, शब्द दिलाय. पण त्या शब्दात मी एकटीने राहू शकत नाही, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

तू ये. त्यांच्याशी भांडण मिटवायला नको, ते मिटलं की नाही हे त्यांना कळणारही नाही. कोट हातात दिला तर तो पुन्हा खुंटीला लाव आणि बस. चार दिवस त्यांना सांभाळ. मला बसने एकटीला तळ्यापर्यंत जायचं आहे. तिथे बाकावर बसायचं आहे, आणि कुणी "कुठे निघालीस?" असं विचारू नये.

फार्मसीची माणसं मंगळवारी येतात. त्याच्या आधी आलीस तर पाकीट कसं उघडायचं ते दाखवून ठेवीन.

तुझी
आई